हॉटेल पास करणारे लोपीसकाका

"साहेब, तिसऱ्या आहेत," वेटर अदबीने म्हणाला.

मी शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं, मग वेटरकडे पाहिलं आणि जरा दुखावल्या आवाजात म्हणालो, "नाही हो, पहिल्याच आहेत. चोवीस वर्षं झाली आता."

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे मासा म्हणजे मासा, त्याला एवढी नावं असतात हे मला लग्नानंतर कळलं; त्यातलं मी एकच धरून ठेवलं, सुरमई, आणि आमच्या घरी तेवढीच येते. तिसऱ्या नावाचे शिंपले असतात आणि आज ते ताजे आलेत एवढंच तो बिचारा सांगत होता, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत आजूबाजूची चार टेबलं हसून घेत होती. वेटर ट्रे पोटाशी धरून वाकला होता. माझी बायको वृंदा मालवणची. तिने मेनूकार्ड उघडलं आणि तोंड त्याच्या आत नेलं.

ही हकिकत अर्नाळ्याची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही समुद्रकाठी गेलो होतो. राहतो आम्ही वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत, त्यामुळे दोन रिक्षा बदलून तासाभरात समुद्रकाठी पोहोचलो. पण बॅगा भरून गेलो, खोली घेतली, टोपी घातली. याला सुट्टीच म्हणतात.

तर सगळं हॉटेल हसत असताना पलीकडच्या टेबलावर एकटे बसलेले एक गृहस्थ अजिबात हसले नाहीत. पासष्टीच्या पुढचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी वही काढली, काहीतरी लिहिलं, वही बंद केली आणि सरळ आमच्या टेबलाशी आले.

"थँक्यू," ते मला म्हणाले. "तीन टेस्ट घेतल्या, पण हा वेटर सापडत नव्हता. तुमच्यामुळे सापडला. गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसला. रिजेक्ट."

"काय रिजेक्ट?"

"हॉटेल. तुम्ही बी विंगमधले जाधव ना? मी ए विंग. लोपीस. पास्कोल लोपीस." मग आवाज खाली आणून त्यांनी अगदी कामाचा प्रश्न विचारला, "तुम्ही असे नेहमी चुकता का?"

"हो," मेनूकार्डाच्या आतून आवाज आला.

अशी आमची ओळख झाली.

लोपीसकाका वालीवच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तिथे पाइपांचे व्हॉल्व्ह बनत. तेहेतीस वर्षं त्यांनी व्हॉल्व्ह हातात घेऊन फक्त दोन शब्द उच्चारले: पास आणि रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर व्हॉल्व्ह गेले, शब्द राहिले. भाजीवाल्याची वांगी, सोसायटीची लिफ्ट, चर्चमधला नवा माइक, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीचं भाषण तर त्यांनी दुसऱ्या वाक्याला रिजेक्ट केलं होतं.

सध्याचं काम मात्र मोठं होतं. जानेवारीत त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. त्या दिवशी दुपारी बायकोला घेऊन समुद्रकाठच्या हॉटेलात मासे खायचे. दोघांचं एक टेबल. पण त्याआधी हॉटेल पास झालं पाहिजे. "आणि दुसरा चान्स नाही," ते म्हणाले. "एकदाच येते म्हणाली आहे. बिघडलं की संपलं." दर रविवारी ते एक हॉटेल तपासायचे. अर्नाळ्यापासून सुरुवात केली होती, राजोडी, कळंब, भुईगाव असं खाली सरकायचं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी मला बरोबर न्यायला सुरुवात केली.

"मी कशाला? मला माशातलं काही कळत नाही."

"म्हणूनच. टेस्टिंगला कंट्रोल सॅम्पल लागतं. तुम्ही साधं गिऱ्हाईक. काही करायचं नाही. नेहमीसारखं वागायचं."

आता तुम्हाला वाटेल, माशांच्या हॉटेलांची परीक्षा म्हणजे हा माणूस कल्ले उघडून बघत असेल, रश्शात बोट घालून चाखत असेल. छे. माशाकडे त्यांचं लक्षच नसायचं. आत शिरायच्या आधी दारातल्या पायऱ्या मोजायचे. तीनपेक्षा जास्त असल्या तर आपण आत जायचंच नाही. मग चार खुर्च्यांवर आळीपाळीने बसून बघायचे. खुर्चीला हात हवेत. टेबलावर पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवून खालून गुडघा मारायचे. बेसिनपर्यंत पावलं मोजत जायचे, मोजत यायचे. लोकांना वाटायचं कॉर्पोरेशनचे साहेब आलेत. एका ठिकाणी तर मालकाने आम्हाला हळूच बाजूला घेऊन कोल्ड्रिंक पाजलं. ते प्यायलं मी. काकांनी मालकालाच रिजेक्ट केलं.

खाणं ठरलेलं. दोघांत एक प्लेट बोंबील, तेही आतूनच तुकडे करून आणायचे. सोलकढी ग्लासात नको, कान असलेल्या कपात. वेटर हिंदीत विचारायचा, "कप में?" काका म्हणायचे, "कप में. और आधा भरना."

आणि मग मुख्य परीक्षा. बोलता बोलता ते चमचा खाली टाकायचे.

"चमचा पडला की वेटर आधी काय बघतो?" त्यांनी मला पहिल्याच रविवारी विचारलं.

"चमचा?"

"चमचा बघितला तर पास. माणसाकडे बघितलं, रिजेक्ट."

मग ते टेबलक्लॉथवर थोडा रस्सा सांडायचे. मग तासभर त्याच एका प्लेटीपुढे बसून राहायचे. या वेळात वेटर किती वेळा "और कुछ?" म्हणतो ते वहीत रेघा मारून मोजायचे. तीन रेघा झाल्या की उठायचे. मी एकदा बाहेर पडताना विचारलं, "पण काका, बोंबील कसा होता?"

ते थांबले. विचार केला. "हो," म्हणाले, "बोंबील पण होता."

सोसायटीत यावर पुष्कळ विनोद व्हायचे. "काका, बायकोला जेवायला नेताय की मुलगी देताय त्या हॉटेलात?" असं कुणीतरी विचारलं होतं. काका म्हणाले, "दोन्हीत चौकशी एवढीच करावी." मीही घरी येऊन नकला करून दाखवायचो. चमचा टाकायचो, वृंदाकडे बघायचो, "रिजेक्ट!" म्हणायचो. ती हसायची, पण चमचा मलाच उचलायला लावायची.

डिसेंबरात एक दिवस मी त्यांच्या घरी गेलो. कळंबच्या एका हॉटेलाबद्दल ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, ते कळवायला. दार सेलीन टीचरनी उघडलं. लोपीसकाकांच्या बायकोला सगळे टीचरच म्हणतात. गावच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं त्यांनी. त्यांचं फळ्यावरचं अक्षर बघायला म्हणे दुसऱ्या शाळांचे शिक्षक यायचे. त्या घराबाहेर फारशा पडत नाहीत एवढंच मला माहीत होतं.

त्यांनी चहा आणला. कप बशीवर नुसता वाजत होता. अर्धाच भरलेला, तरी बशीत चहा उतरला होता. त्यांचा उजवा हात मनगटापासून थरथरत होता आणि डावा त्याला धरून होता. आणि मी, लोपीसकाकांचं खास कंट्रोल सॅम्पल, चहाकडे न बघता हाताकडे बघत राहिलो.

"बघा, नीट बघून घ्या," टीचर म्हणाल्या, "मग चहा प्या. गार होतोय."

मी चहा प्यायलो. जीभ भाजली.

काका लिफ्टपर्यंत सोडायला आले. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं नाही.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "भाच्याच्या एंगेजमेंटनंतर आम्ही सगळे हॉटेलात गेलो होतो. तिच्या हातून रस्सा सांडला. दोनदा. शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी वेटरला बोलावलं आणि टेबल बदलून मागितलं. हळूच मागितलं, पण तिने ऐकलं. शिक्षिकेचे कान. तेव्हापासून बाहेर जेवली नाही. भाच्याच्या लग्नातसुद्धा घरून जेवून आली." मग त्यांनी बटण दाबलं. "आता एकदाच येते म्हणाली आहे. पुन्हा तसं झालं तर परत विचारायचं नाही, असं कबूल करून घेतलंय माझ्याकडून."

त्या दिवसानंतर मी नकला करणं बंद केलं. उलट मीच पायऱ्या मोजायला लागलो.

शेवटी भुईगावच्या बाजूला एक हॉटेल सापडलं. हॉटेल म्हणजे सुरूच्या झाडांत पत्र्याची शेड आणि सहा टेबलं. पायरी एकच. मालकीण भानूबाय, कोळीवाड्यातली, स्वतःच वाढायची. काकांनी चमचा टाकला. भानूबायने मागच्या गिऱ्हाइकाशी बोलणं न थांबवता दुसरा चमचा ताटाशी ठेवला. काकांनी रस्सा सांडला. तिने त्यावर फडकं टाकलं आणि म्हणाली, "सांडू दे, काका. जमीन आपलीच हाय. जेवन गार होतंय, त्याचं बघा आदी."

काकांनी वही मिटली. "पास," म्हणाले.

लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी वृंदाला आणि मला शेजारचं टेबल दिलं. "शेजारी भरवशाचं माणूस हवं," ते म्हणाले. मला वेगळी सूचना होती. "तिच्या हातून काही सांडलं, तर तुम्ही लगेच त्याहून मोठं काहीतरी सांडा. तुम्हाला जमेल." माझ्यावर एवढा विश्वास ऑफिसातही कुणी टाकलेला नाही.

टीचर आल्या मोरपंखी साडीत. हाताची खुर्ची तयार होती, कानाचा कप तयार होता. काकांनी सगळ्यांना इतकं पढवून ठेवलं होतं, की भानूबाय, तिची सून आणि दोन पोरी हातात फडकी घेऊन भिंतीशी ओळीत उभ्या होत्या, पाहुण्यांना सलामी द्यावी तशा. मी सोलकढीचा ग्लास कोपराजवळ सरकवून घेतला.

तुकडे केलेले बोंबील आले. टीचरनी ताटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मी छताकडे पाहिलं.

"पास्कू, या सगळ्यांना काय सांगून ठेवलंस?"

"काही नाही."

"चाळीस वर्षांत तुला एक खोटं नीट बोलता आलं नाही. आणि हे काय? बाळाचं जेवण?" त्यांनी बोंबलाची ताटली काकांपुढे सरकवली. "बाय, चिंबोऱ्या हायत का?"

"हायत की!" भानूबाय म्हणाली. "सकाळच्याच. भरलेल्या."

"सेलीन!" काका अर्धे उठले. "चिंबोरी टेस्ट केलेली नाही! ती फोडावी लागते. दोन हात लागतात, दात लागतात, रस्सा कोपरापर्यंत येतो!"

"म्हणून तर," टीचर म्हणाल्या. "चिंबोरी खाताना कुणाचा हात शहाण्यासारखा चालतो ते मला दाखव. आणि जाधवांच्या टेबलावर पण दे, बाय. हे दोघं मघापासून परीक्षेला बसल्यासारखे बसलेत."

चिंबोऱ्या, म्हणजे आमच्याकडचे खेकडे, आल्या. त्यानंतरची पाऊण तासाची हकिकत सांगण्यासारखी नाही. मी आयुष्यात चिंबोरी फोडली नव्हती. मी नांगीवर वाटी आपटली, तर नांगी तशीच आणि वाटी वाकडी. लोपीसकाकांनी रुमाल मांडीवर पसरून, शास्त्रशुद्ध पद्धतीने सांधा शोधून पाय मोडला आणि रश्शाची चिळकांडी थेट शर्टावर घेतली. टीचरनी मात्र दाढेखाली धरून कट्कन आवाज काढला. हात थरथरत होता, रस्सा मनगटावरून ओघळत होता, कवच ताटाबाहेर पडत होतं. पण रस्सा वृंदाच्याही मनगटावरून ओघळत होता आणि माझ्या तर कपाळाला लागला होता. त्यात टीचरच्या बोटांतून एक नांगी सटकली ती उडून आमच्या टेबलावर.

मी क्षणाचाही विलंब न लावता सोलकढीचा ग्लास आडवा केला. पूर्ण. माझ्याच पँटवर.

"जाधव," टीचर शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

भानूबाय पहिली हसली. मग तिची सून, मग आम्ही सगळे. टीचर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि ते पुसायला एकही स्वच्छ बोट नव्हतं. लोपीसकाका तेवढे अजून खाली वाकून चिंबोरीच्या एका पायाशी झटत होते. टीचरनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, दाताने फोडला, आतलं पांढरं मांस बोटांत धरून त्यांच्या ताटाकडे नेलं. हात मध्येच जोरात हलला. मांस टेबलावर पडलं.

काकांनी ते टेबलावरून उचललं आणि खाल्लं.

"कशी आहे?" टीचरनी विचारलं.

काका बराच वेळ चावत राहिले. "गोड आहे," म्हणाले.

परत येताना रिक्षात मी ओली पँट सावरत बसलो होतो. तरी मला शहाणपणा सुचलाच. मी वृंदाला म्हणालो, "कमाल आहे बघ काकांची. एवढी हॉटेलं पालथी घातली, खुर्च्या हलवल्या, पायऱ्या मोजल्या. पण बायकोला खायचंय काय, हे एकदाही विचारलं नाही!"

वृंदा म्हणाली, "मला सुरमई कधीच आवडली नाही हो. तुम्हाला काट्यांची भीती वाटते, म्हणून खाते."