जीप बाहेर काढ

मुलगी तीन वर्षांची होत आली तरी धड एक वाक्य बोलत नाही, या काळजीने तिच्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बाबांच्याही लागत नव्हता, पण त्याचं कारण क्लच प्लेट होतं.

बाबा शरीराने विमा कंपनीत नोकरीला होते आणि मनाने घराच्या अंगणात. लष्कराने निकामी ठरवून लिलावात काढलेली एक जुनी जीप त्यांनी घरी आणली होती. (आणली म्हणजे टेम्पोमागे बांधून ओढत आणली.)

"निकामी काय म्हणतेस? निवृत्त म्हण," ते बायकोला सांगत.

तेव्हापासून चहाच्या गाळण्यात नटबोल्ट निथळत होते, आंघोळीच्या बादलीला हिरवा रंग लागला होता, आणि मुलीच्या तोंडून निघालेला पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बाबा'ही नव्हता, 'पाना' होता.

सुटीच्या दिवशी सकाळी बाबा हुकूम सोडत, "चल, जीप बाहेर काढ." की सगळे आपापल्या जागी. आई स्टिअरिंगवर, कारण तिला ढकलणं जमत नसे. बाबा मागे, कारण स्टार्टर लागत नसे. आणि मुलगी फाटकापाशी. फाटक पाठीने दाबून धरायचं आणि हाताने 'या, या' करायचं, हे तिचं काम.

"अगं, माझ्याशी बोलते की ती. मी जीपखाली असलो की बोलते," बाबा म्हणायचे.

"काय बोलते?"

"हेच, कामाचं."

आईचा विश्वास बसला नाही. जीप आता सुरू होईल, असंही तो माणूस रोजच म्हणत होता. इंटरनेटवर वाचून वाचून तिची एव्हाना खात्री पटली होती की सगळी चूक तिचीच आहे. फक्त नेमकी कोणती, एवढंच ठरायचं होतं. शेवटी तिने मुलांच्या बोलण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरबाई प्रेमळ होत्या. त्यांनी मुलीला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "चल, जीभ बाहेर काढ पाहू."

मुलगी ताडकन खुर्चीतून उतरली. दाराशी गेली, दार सताड उघडलं, त्याला पाठ लावून उभी राहिली आणि हाताने 'या, या' करू लागली. बाहेर बसलेले एक आजोबा आपल्यालाच बोलावलं समजून आत आले. त्यांना परत पाठवावं लागलं.

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आईने मान लांब करून ते वाचायचा प्रयत्न केला.

"जीभ जड वाटते का हिची?" त्यांनी आईला हळूच विचारलं.

"जड आहे," दारातून उत्तर आलं. "बाबांना ढकलवत नाही."

आई बघतच राहिली. अख्खं वाक्य. तेही क्रियापदासकट.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं. आणि चालते का नीट?"

"उतारावर चालते."

"मग?"

"मग बंद पडते. कचरा अडकतो. बाबा नळी काढून फुंकतात."

डॉक्टरबाईंनी आईकडे असं पाहिलं, की ती घाईघाईने उठून उभी राहिली. "डॉक्टर, तसं नाही हो. ती जीपबद्दल बोलतेय."

"मीही जिभेबद्दलच बोलतेय."

"जीभ नाही, जीप. पतंगातला प. लष्कराची आहे. म्हणजे होती. यांनी लिलावात घेतली, छंद आहे त्यांना. 'जीप बाहेर काढ' म्हटलं की ही फाटक धरते."

डॉक्टरबाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मुलगी दार धरून उभीच होती. जीप आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा घरचा नियम होता.

"अहो, इतकं स्वच्छ बोलते की ही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग मुलीकडे वाकल्या. "काय गं, इतकं छान येतं, तर घरी आईशी का नाही बोलत?"

"तेच ना डॉक्टर," आई म्हणाली, "मी काय कमी प्रयत्न करते? सकाळी उठल्यापासून चित्रांची पुस्तकं दाखवते, हे काय, ते काय विचारते, तिला नाही आलं तर मीच सांगते, जेवताना गोष्ट, आंघोळीला गाणी, कपडे घालताना रंगांची नावं, तिला काही हवं असलं तर तिने मागायच्या आधीच मी ओळखून–"

"आई," डॉक्टरबाईंनी हात वर केला, "मी तिला विचारलंय."

मुलीने दार सोडलं. आईजवळ आली, तिच्या तोंडाकडे समजूतदारपणे पाहिलं, अजून काही येतंय का याची थोडी वाट पाहिली आणि डॉक्टरबाईंना म्हणाली,

"आईचं झालं की बोलणार आहे."