चाळीस मिनिटांची राणी

सभा कशी भरवावी हे कोणाला शिकायचं असेल, तर त्याने आचऱ्याच्या अलीकडे आमच्या वाडीत यावं आणि बाबू मास्तरांचं घर विचारावं. बाबू मास्तर म्हणजे मीच! तीस वर्षं शाळा चालवली. शिवाय देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. म्हणून नव्या सांस्कृतिक धोरणावर लोकांचं मत घ्यायला मुंबईहून गौरजा मॅडम येणार असं कळलं, तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं की आमचं दशावताराचं नाटक त्या धोरणात घालूनच घेणार.

"घाला," किशोरी नारळ खवता खवता म्हणाली. "पण भाषाण आटपता घेवा."

सकाळी देवळाचा सभामंडप भरला. मॅडम मोठ्या उत्साही. कला म्हणजे नुसती हौस नाही, तिच्यावर माणसांची पोटं चालतात, मग कारखान्यासारखंच कलेलाही धोरण नको का, असं त्यांनी विचारलं. याला सर्जनशील अर्थव्यवस्था म्हणतात म्हणे. मला एकदम पटलं. आमचा दत्तप्रसाद चाळीस वर्षं दशावतारात राणी होतोय आणि त्याचं घर त्या राणीनेच चालवलंय.

आता देवळात काही सुरू करायचं तर गाऱ्हाणं हवंच. मी देवापुढे नारळ ठेवला, आवाज लावला. गाव हात जोडून उभा आणि माझ्या प्रत्येक मागणीला सगळ्यांचं एका सुरात "होय म्हाराजा!" मग मला माझं भाषण आठवलं. ते मी पाऊण तास केलं आणि त्या भरात नारळ फोडायचाच राहिला. नारळ फुटेपर्यंत आमच्याकडे गाऱ्हाणं संपत नाही. गाव तसाच हात जोडून उभा!

मॅडमनी मसुदा काढला. "कलाकारांची नोंदणी व्हावी."

"होय म्हाराजा!"

मॅडम दचकल्या, मग खुलल्या. "कलेला पर्यटनाची जोड मिळावी."

"होय म्हाराजा!"

असा पाठिंबा त्यांना कुठल्याच जिल्ह्यात मिळाला नसावा. त्या भराभर वाचत सुटल्या. "दशावताराचा प्रयोग चाळीस मिनिटांत बसवावा आणि संवाद आधी लिहून मंजूर करून घ्यावेत."

"होय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज दत्तप्रसादचा.

मग आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि तो खांबाला टेकून मटकन खाली बसला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतातच हो! कथा तेवढी ठरते. पुढे राजा काय बोलेल आणि राणी त्याला काय सुनावेल ते उभं राहिल्यावर सुचतं, तेही पहाटेपर्यंत. "मास्तरानू," तो म्हणाला, "लिवलेला वाचूचा म्हणजे माजी राणी मुकी झाली."

मी तसाच धावलो. मॅडमना गाठलं, तर त्यांनी वही दाखवली. त्यात लिहिलं होतं, 'ग्रामस्थांनी हात जोडून एकमताने मंजुरी दिली.' शेवटी लाज सोडून मी नारळाची गोष्ट सांगितली.

"म्हणजे मघापासून मी गाऱ्हाणं घालत होते?" त्यांचे डोळे चमकले. नारळ कोण ठेवतो, 'होय' कोणी म्हणायचं, मधे थांबलं तर काय होतं, शंभर प्रश्न! मग त्यांनी पेन उघडलं. नारळ फुटेपर्यंत गाव जे म्हणेल ते मी लिहीन, म्हणाल्या.

मी परत उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा, लेकरांच्या तोंडातसून चुकान काय गेला असात, तर ता पोटात घाल! दशावताराक घड्याळ नको, कागद नको! राणीक सुचात ता बोलूक दी!"

"होय म्हाराजा!" या वेळी त्यात मॅडमचाही आवाज होता. त्यांनी अट खोडली. दत्तप्रसादने डोळे पुसले. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

मी नारळ उचलला, तेवढ्यात दत्तप्रसाद उठला. "आनी म्हाराजा, आमच्या मास्तरांका पाच मिनटात भाषाण आटपूची बुद्धी दी!"

"होय म्हाराजा!" किशोरीचा आवाज तर पार बंदरापर्यंत गेला असेल.

नारळ मी ताबडतोब आपटला. पण मॅडमचं लिहून झालं होतं, एकमताने.