पेनड्राइव्हमधले बारा निरोप

यंदाच्या हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात आपल्या ट्रॅक्टरसारखी गाणी कुणाचीच वाजणार नाहीत, असं महिपतीनं भवानीनगरात चारचौघांत सांगून टाकलं होतं. त्यासाठी तीनशे नवी गाणी भरून घ्यायला तो जास्मिनच्या मोबाईलच्या दुकानात आला. पण पेनड्राइव्ह असा काही कुथत होता, की दीड तासात चाळीस गाणीसुद्धा आत गेली नाहीत.

"किती वर्सं ह्यात गाणी घालताय-काढताय?" जास्मिननं विचारलं.

"सात. कंटाळा आला की चार पुसायची, चार घालायची."

"मग बरोबर हाय. मधनंमधनं मोळ्या वढून काढलेल्या ट्रॉलीत नवा ऊस भरायचा म्हंजे फटी हुडकत बसायचं. सगळं पुसून एका दमात भरते. बघा कसं पळतंय."

"पूस. पण मनिषाचे निरोप तेवढे ऱ्हाऊ दे," महिपती हळूच म्हणाला.

गेल्या वर्षी डुलकी लागून त्याचा ट्रॅक्टर पार कॅनॉलच्या कडेपर्यंत गेला होता. त्यानंतर बायकोनं, मनिषानं, स्वतःच्या आवाजात बारा दटावण्या रेकॉर्ड करून गाण्यांमध्ये पेरल्या होत्या. त्या कधी येतात हे महिपतीला पाठ होतं. आसपास माणसं असली की तो वेळेवर आवाज बारीक करायचा. यार्डात त्याचा रुबाब होता, आणि तो त्याला जिवापाड प्यारा होता.

जास्मिननं निरोप कॉम्प्युटरवर उतरवले, पेनड्राइव्ह कोरा केला आणि सगळं पुन्हा भरलं. दहा मिनिटांत काम फत्ते.

"भाभीचं सगळ्यात पयलं घातलंय. हरवाय नको," ती म्हणाली. महिपती गाण्यांच्या आनंदात होता. त्यानं नुसती मान डोलावली.

यार्डात वजनकाट्याच्या रांगेत त्याच्यापुढं अकरा ट्रॅक्टर होते. त्यानं आवाज पूर्ण सोडला आणि ऐटीत मागं रेलला.

"अहो, डोळं मिटाय लागलं का?" दोन्ही स्पीकर गरजले. "ती तंबाखू थुका आदी!"

महिपती ताडकन सरळ बसला. त्यानं पुढचं गाणं लावायला बटण दाबलं, तर पुढंही निरोपच. वर्षभर गाण्यांत विखुरलेली बायको आता सलग झाली होती.

"तुमालाच सांगतेय मी! गाडी कडंला घ्या!"

संपलं सगळं. महिपती खाली मान घालून हशा पिकायची वाट बघत बसला.

कुणीच हसलं नाही. त्यानं मान वर केली, तर पुढचे अकराही ट्रॅक्टर मुकाट कडेला लागले होते आणि वजनकाट्यापर्यंत रस्ता मोकळा होता.

सगळ्यात पुढच्या ट्रॅक्टरवर हिंदुराव होते, मॅनेजरलाही न जुमानणारे. महिपती शेजारून जाताना त्यांनी तोंड पुसलं, नजर चुकवली आणि पुटपुटले,

"मला वाटलं, आमचीच आली."