पंगतीतली एक जागा

चौधरी सर लग्नाच्या पंगतीत मुद्दाम मध्यभागी बसत आणि वाढायला सुरुवात होण्याआधीच उठून जात. मग मांडवाच्या खांबाला टेकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. आपली जागा किती वेळात भरते, ते त्यांना पाहायचं असे. जामनेरच्या एका लग्नात त्या जागी नवरदेवाचे आजोबाच येऊन बसले. सर खांबापासून ओरडले, "लय लवकर भरली हो! बसा, बसा. मले फक्त पाहायचं व्हतं." आजोबा जेवण होईपर्यंत घाबऱ्या नजरेने खांबाकडे बघत होते.

जळगावच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते. मी फारसं बोलत नसे, म्हणून आमचं जमलं. "पेशीचं आवरण म्हणजे भिंत नाही बेटा, गर्दी आहे," ते म्हणत. त्या गर्दीतल्या रेणूंना चमकणारा रंग लावायचा. एका ठिपक्यावर प्रखर उजेड टाकून तिथली चमक विझवायची. मग आजूबाजूचे चमकते रेणू सरकत येऊन तो काळा ठिपका किती वेळात भरतात, ते बघायचं. परदेशात त्यांनी हेच काम केलं होतं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आजारी पडल्या म्हणून सोडून आले. काकू वाचल्या नाहीत, आणि ते कामही पुन्हा मिळालं नाही.

मग कॉलेजच्या अडगळीच्या खोलीला काळे पडदे लावून, जुना मायक्रोस्कोप आणि पाऱ्याचा दिवा जोडून त्यांनी सगळं स्वतःच उभं केलं. ठिपका अर्धा भरला की हमखास वीज जाई, आणि तापलेला दिवा गार होईपर्यंत पुन्हा लागत नसे. सर अंधारात लाइनमनला गावाकडच्या बोलीत शिव्या देत आणि शुद्ध मराठीत माझी माफी मागत.

प्राचार्यांना ती खोली कॅरमसाठी हवी होती. सगळ्यांसारखे तेही सरांना नाना म्हणत. "तपासणी समितीला काहीतरी करून दाखवा नाना, नाहीतर खोली सोडा."

नेमकी त्या दिवशी वीज गेली नाही. समितीतल्यांनी आळीपाळीने मायक्रोस्कोपला डोळा लावला. ठिपका भरत आला आणि थांबला. मधे करडा डाग राहिला.

"पूर्ण का नाही भरला? बिघडलंय का?"

"नाही साहेब. विझलेले काही रेणू जागा सोडत नाहीत. तेच तर मोजायचंय."

"म्हणजे एवढं करून शेवटी डागच!" प्राचार्य म्हणाले. सगळे हसले आणि चहाला गेले. पुढच्या आठवड्यात त्या खोलीतून सोंगट्यांचा आवाज येऊ लागला. पडदे तेवढे कॉलेजने ठेवून घेतले.

त्यानंतर चाळीसगावला माझ्या बहिणीचं लग्न झालं. सर आले, पंगतीत बसले आणि उठले नाहीत. घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं. शेजारच्या पत्रावळीवर त्यांनी रुमाल टाकला.

"कोण येतंय, नाना?" माझ्या मामांनी विचारलं.

"कोणी नाही. राहू द्या."

काकू असत्या तरी तिथे बसल्या नसत्या. आमच्याकडे बायका पुरुषांनंतर जेवतात, भाजी तळाला गेल्यावर.

मी पाणी वाढत होते. "अगं, माणसं ताटकळलीत," मामा मागून ओरडले, "तो रुमाल उचल आणि बसव कोणाला तरी!"

ऐकू आलं नाही असं दाखवून मी पुढच्या पेल्यात पाणी ओतलं.