हाडाचा मानकरी

ग्वाल्तिएरोने आधी कांदा हुंगला, मग लसूण हुंगला, मग मेंढीच्या दुधाच्या चीजचा मुरलेला तुकडा नाकाला चिकटवून पाहिला आणि शेवटी मनाचा हिय्या करून स्वतःच्या रबरी बुटात तोंड खुपसलं. काही नाही. नाक जागेवर होतं, चांगलं ऐसपैस होतं, पण आत सगळा शुकशुकाट.

"एर्सिलिया, मी मेलो," तो बायकोला म्हणाला.

"सर्दीने कोणी मरत नाही," टेबलावर चादर अंथरत एर्सिलिया म्हणाली. "रविवारी नेल्लोच्या मळ्यात ऑलिव्ह तोडायला भर पावसात कोण उड्या मारत गेलं होतं? फोन कर दोघांना, जेवण पुढच्या आठवड्यात म्हणावं."

"आणि ओत्तावियोला काय सांगू? ग्वाल्तिएरोचं नाक बसलं म्हणून? त्यापेक्षा मला पुरून टाक ना!"

त्याचं दुःख खरं होतं. दर नोव्हेंबरात तो, नेल्लो आणि ओत्तावियो असे तिघं मित्र त्याच्या घरी निखाऱ्यांवर एकच भली थोरली बिस्तेका, म्हणजे हाडासकट कापलेला गोमांसाचा जाड तुकडा, भाजायचे आणि आपापल्या तळघरातल्या जुन्या लाल वाइन उघडायचे. बाटली लोकरी मोज्यात लपवलेली असायची. ज्याने सांगितलेला वास बाकीच्यांना पटेल, त्या नाकाला बिस्तेकाचं हाड मिळायचं. हाडाला चिकटलेलं मांस ते खरं मांस. ते दोन्ही हातांत धरून ओरबाडायचं असतं, समोर पाद्री बसला असला तरी. आणि हे हाड वर्षानुवर्षं ग्वाल्तिएरोच्याच ताटात पडत आलं होतं. ओत्तावियो त्याच्याकडे असा टक लावून बघायचा, की खाणाऱ्याच्या घशात घास अडकावा.

बरं, औषध घ्यावं, तर गावात औषधाचं दुकान एकच, आणि तेही ओत्तावियोचंच! ग्वाल्तिएरो दुपारभर डोक्यावर पंचा घेऊन वाफेच्या पातेल्यावर ओणवा राहिला. चेहरा लालबुंद झाला, चष्मा पुसून पुसून हात दुखले, पण नाकाने काही दाद दिली नाही. वर कानांनाही दडे बसले.

संध्याकाळी नेल्लो आला तो डोळे पुसतच. "बायकोने निघता निघता कांदे चिरायला बसवलं रे," तो म्हणाला. मागून ओत्तावियो, गळ्यापासून कानांपर्यंत मफलर गुंडाळून.

"आत ये, मफलर काढ," ग्वाल्तिएरो म्हणाला.

"राहू दे. सध्या असंच वापरतात."

"मी वर जाते बाई," एर्सिलिया म्हणाली. "तुमची ती हुंगाहुंगी मला बघवत नाही."

नेल्लोच्या बाटलीने सुरुवात झाली. ग्वाल्तिएरोने ग्लास फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला. जिभेला ओलं लागलं, एवढंच.

"चेरी," त्याने ठोकून दिलं. "सुकवलेली."

"अगदी!" नेल्लो म्हणाला. "माझ्या ओठांवरच होतं."

"चेरी आहेच," ओत्तावियोने डोळे मिटले. "पण मागून चामडं येतंय."

ग्वाल्तिएरोने ग्लास पुन्हा नाकाला लावला. या माणसाचं नाक आज तेज दिसतंय! "चामडं तर आहेच," तो घाईघाईने म्हणाला, "पण कसलं? जुन्या खोगिराचं."

"घोड्याच्या की गाढवाच्या?" नेल्लोने गंभीरपणे विचारलं.

"गाढवाच्या," ओत्तावियो ठामपणे म्हणाला, आणि तिघांनी माना डोलावल्या.

मग ग्वाल्तिएरोने बिस्तेका निखाऱ्यांवर ठेवली. नेल्लोने घड्याळ काढलं.

"ठेव ते खिशात!" ग्वाल्तिएरो दरवर्षीच्या सवयीने गरजला. "बिस्तेका घड्याळावर भाजत नाहीत, नाकावर भाजतात. वास बदलला की उलटायची." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण आता इलाज नव्हता.

ओत्तावियोची बाटली सगळ्यात जुनी होती, त्याच्या वडिलांनी ठेवलेली. तिचं बूच हात लागताच भुगा झालं. ओत्तावियोने खिशातून दुकानातला चिमटा काढला आणि तिघं डोक्याला डोकं लावून एकेक कण वेचत बसले. अखेर ग्लास भरले. हाडाचा निकाल याच घोटावर होता. ग्वाल्तिएरोने घोट तोंडात खूप वेळ घोळवला. चेरी संपली होती, खोगीरही संपलं होतं. काय सांगावं?

"धूर," तो शेवटी म्हणाला. "विझत आलेल्या चुलीचा."

"मी हेच म्हणणार होतो," ओत्तावियो म्हणाला.

"वा! काय सुरेख धूर आहे!" नेल्लो म्हणाला.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. "अरे देवा!" एर्सिलिया दारातूनच ओरडली. "वरच्या खोलीपर्यंत करपट वास आलाय, आणि तुम्ही तिघं इथे धूर धूर करत माना डोलावताय? नाकं गहाण टाकलीत का?"

तिघांनी वळून पाहिलं. बिस्तेकाची खालची बाजू काळी ठिक्कर पडली होती.

ग्वाल्तिएरोचा धीर सुटला. "चूक माझी," तो मान खाली घालून म्हणाला. "रविवारपासून मला कसलाच वास येत नाहीये. हाड तुझं, ओत्तावियो." मग त्याने हळूच मान वर केली. "पण काय रे, तू तर चुलीला चिकटून बसलायस. तुला कसा नाही आला?"

उत्तर द्यायला ओत्तावियोने तोंड उघडलं आणि मफलर उडेल एवढी शिंक दिली. "मलाही रविवारपासूनच," तो म्हणाला. "माझ्याच दुकानातले थेंब घालतोय. उपयोग शून्य!"

"मी कांदे चिरलेच नाहीत," नेल्लो म्हणाला आणि खो खो हसत सुटला.

"मग ते गाढव कुठून आलं?" ग्वाल्तिएरोने ओत्तावियोला विचारलं.

"तू खोगीर काढलंस. मी मागे कसा राहणार?"

तिघं हसता हसता खोकू लागले आणि खोकता खोकता पुन्हा हसू लागले. ग्वाल्तिएरोला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. एर्सिलियाने करपलेली बाजू सुरीने खरवडली, दुसरी बाजू घड्याळ लावून भाजली. आत मांस छान लाल निघालं. ग्वाल्तिएरोने काट्याने हाड उचललं. हात सवयीने स्वतःच्या ताटाकडे वळला आणि मध्येच थांबला.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "आज या घरात एकच नाक चाललं." आणि त्याने हाड एर्सिलियाच्या ताटात ठेवलं.

इतकी वर्षं ती नुसत्या कुरतडलेल्या हाडांची ताटं उचलत आली होती. तिने बाह्या सरसावल्या. ओत्तावियोने वडिलांची उरलेली वाइन तिच्या ग्लासात ओतली.

"तूच सांग, एर्सिलिया," तो म्हणाला. "आम्ही तर नुसतीच गिळली. कशी आहे?"

तीन बंद नाकं टेबलावर पुढे झुकली. एर्सिलियाने घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"सांग की!"

"थांबा रे." तिने आणखी एक घोट घेतला. "छान आहे, ओत्तावियो. फार छान ठेवली होती तुझ्या वडिलांनी. चेरी आहे. चामडंबिमडं काही नाही. आणि शेवटी..." ती नवऱ्याकडे बघून हसली. "शेवटी धूर आहे. खरंच आहे."

ग्वाल्तिएरोची छाती फुगली. "बघा! नाक बंद असतानासुद्धा!" असं म्हणत त्याने हात हळूच तिच्या ताटाकडे सरकवला.

एर्सिलियाने ताट स्वतःकडे ओढलं. "धूर अख्ख्या खोलीत आहे," ती म्हणाली आणि तिने हाड दोन्ही हातांत धरून त्यात दात रोवले.