सतरा एक्के आणि साबळे सर

साबळे सर कुणाला नाव विचारत नसत. गाडीचा नंबर बघत आणि त्याला कशानं भाग जातो ते सांगत.

क्रांती चौकाजवळ माझा जुन्या गाड्यांचा धंदा. कन्नडहून एक पाना घेऊन आलो, बाकीचं सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. दुकानापुढं गिऱ्हाइकांसाठी बाक टाकला, तर त्यावर वरच्या खोलीतले साबळे सर येऊन बसू लागले. बिडकीनला गणित शिकवून रिटायर झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही.

दुसऱ्या कशानंच भाग जात नाही ती संख्या मूळ आणि जातो ती संयुक्त, हे आपण सगळेच शाळेत शिकलो आणि विसरलो. सरांनी त्याचे स्वभाव करून ठेवले होते. एका स्कूटरचा नंबर होता तेवीसशे दहा. "दोन, तीन, पाच, सात, अकरा, सगळ्यांनी भाग जातोय. भरलेलं घर हाय, घ्या," म्हणाले. गिऱ्हाइकानं घेतली. ते मी नाकारत नाही.

पण बुलेटचं मी विसरणार नाही. जालन्याचं गिऱ्हाईक तासभर घासाघीस करून वळवलं होतं. त्याचा हात खिशात गेला आणि बाकावरून आवाज आला, "अठ्ठेचाळीस सतरा. मूळ हाय. कुणाला जवळ येऊ देत नाय."

हात रिकामाच बाहेर आला. "घरी इचारून येतो," म्हणाला. अजून विचारतोय.

"सर, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" मी भडकलो.

"हाय की. सतरा एक्के."

म्हणजे एक हा आकडा ओळीनं सतरा वेळा लिहायचा आणि त्या अवाढव्य संख्येला भाग घालवायचा. तीन एक्क्यांच्या एकशे अकराला तीन आणि सदतीस चालतात. तिथून सोळा एक्क्यांपर्यंत सगळ्या सुटल्या होत्या. सतरावर सर अडले होते. भाग गेलाच तर चौतिसाच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येनंच जाईल, एवढं त्यांनी पक्कं केलं होतं. पण तशा संख्या संपत नव्हत्या.

"आमची ही म्हणायची, एवढं लांबलचक एकटं नसतंय ओ, शोधा. ती गेली. मी शोधतोय."

बुलेटचा राग होताच. मी म्हणालो, "आणि ते एकटंच निघालं तर?"

सर उठले आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाकावर आले नाहीत, तिसऱ्याही नाही. गिऱ्हाइकं निवांत बसू लागली. मला बरं वाटायला हवं होतं.

त्याच आठवड्यात नव्या संगणक क्लासचा मास्तर स्कूटर बघायला आला. काहीतरी कमी करा म्हणाला. मी कमी करत नसतो.

"तुमचं मशीन भागाकार करतं का?"

"करतं की."

"मग एक करून आणा. स्टेपनी फुकट."

त्यानं मशीन दुपारभर चालवलं आणि चिठ्ठी आणून दिली. मी वर गेलो. सर खाटेजवळ उभे होते.

"सर, सतरा एक्क्यांचं उत्तर आलंय."

त्यांनी हात आडवा केला. "आकडे सांगू नका. मूळ का संयुक्त, तेवढंच बोला."

"संयुक्त."

सर खाली बसले. घाट उतरून गाडी सपाटीला लागल्यावर ड्रायव्हर सोडतो तसा श्वास त्यांनी सोडला. माझाही जीव भांड्यात पडला.

"किती जणांची?"

"दोघांची, सर. दोघंच."

"दोघं लई झाले," सर म्हणाले. बराच वेळ तेच मनाशी घोळवत राहिले.

मी चिठ्ठी पुढं केली, पण त्यांनी घेतली नाही. "शोधतो मी. हायत म्हणल्यावर आता घाई नाय."

दुसऱ्या दिवशी सर बाकावर हजर. त्याच बुलेटला नवं गिऱ्हाईक आलं, तेही नवराबायको. सरांनी नंबर वाचला. मी दात आवळले.

"अठ्ठेचाळीस सतरा," सर म्हणाले. "मूळ हाय. पण मागं सीट हाय."