अकरा घरांचं दही

पितांबर पाटलांच्या हृदयाची एक नळी आतून चुन्यासारखी कडक झाली होती. सुरतेचे डॉक्टर म्हणाले, मनगटातून केसाएवढी तार आत घालू, तिच्या टोकाचा लेसरचा किरण अडथळा झिजवेल, मग स्टेंट बसवू. तेव्हापासून लोणखेड्याच्या ओसरीवर पितांबर कौलांच्या फटीतून उतरणारी उन्हाची तिरीप बघत बसत. तिच्यात धूळ तरंगायची. असाच उजेड आपल्या छातीत हिंडेल, त्याला तिथे काय काय दिसेल, असं त्यांना वाटत राही.

रात्रीपासून पोट रिकामं ठेवा, असं दवाखान्याने फोनवर बजावलं होतं. पहाटे पाचला मुलगा भूपेश गल्लीच्या तोंडाशी गाडी घेऊन थांबला. पण मोठ्या कामाला निघालेल्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची, ही तिथली जुनी रीत. पितांबर गल्लीतून पायी निघाले, तर पहिल्याच घरची कौसाबाई दारात वाटी घेऊन उभीच होती.

“जराखं ल्या, भाऊ. सकुन शे.”

तिचं घेतलं, मग शेजारच्या गिरधरच्या बायकोला नाही कसं म्हणायचं? आणि समोरच्यांनी काय पाप केलं होतं? भूपेश हॉर्न वाजवत राहिला.

दवाखान्यात नर्स फाल्गुनीने विचारलं, “काका, काही खाल्लं का?”

“काही नही.”

“मग मिशीला काय वाळलंय?”

“ते दही शे. ते खानं नही, सकुन शे.”

“किती?”

“अकरा घरनं.”

ऑपरेशन उद्यावर गेलं. परवापासून डॉक्टर परगावी, म्हणजे उद्या चुकलं की महिनाभर थांबणं, आणि नळी थांबेल याचा भरवसा नाही. भूपेश खाली चहाला गेला.

खोलीत पितांबर आणि त्यांची बायको छबूबाई, दोघंच उरली. खिडकीतून पिवळी दुपार पलंगावर सांडली होती.

“एक सांगू?” पितांबर हळूच म्हणाले. “गाडी दारशीच येती. मीच भूपेशले सांगं, लांब हुभी कर. माले भेव वाटनं.”

“माले माहीत शे,” छबूबाई पदराला पीळ देत म्हणाल्या. “पन पहाटे पाचले अकरा जनी वाट्या लिसन कशा हुभ्या ऱ्हायन्या, हाई इचारं का तुम्ही?”

पितांबर पलंगावर उठून बसले.

“तो उजेड आत जाई, आनि तुम्ही माघारे घर नही उनात, ते?”

मग फाल्गुनी जेवणाचं विचारायला आली. “रात्री बारापर्यंत खाता येईल, काका.”

“नको,” दोघं एकदम म्हणाली.

“ऑपरेशन काकांचं आहे, काकी. तुम्ही तरी जेवा.”

“ऑपरेशन त्यासनं एकलानं कसं?” छबूबाई म्हणाल्या.